भूगर्भशास्त्राचा पहिला फील्ड: बडोद्याहून निघण्यापूर्वीपासून अहवाल देईपर्यंत कामाचा क्रम

बीएस्सीला भूगर्भशास्त्र घेतलेली मुलं वर्गात खडक ओळखतात, परीक्षेत व्याख्या लिहितात आणि पहिल्या फील्डवरून परत येतात तेव्हा वहीत नकाशावर मांडता येईल असं एकही मोजमाप नसतं. फोटो शंभर असतात, पण ते कुठले हे आठवत नाही. नमुन्यांच्या पिशव्या असतात, पण त्यांवरचे आकडे पुसले गेलेले असतात. हुशारीचा इथे काही संबंध नाही. कामं उलट्या क्रमाने होतात, म्हणून असं होतं. आधी हातोडा, मग नाव, मग फोटो आणि रात्री आठवून वही! खडकापुढे उभं असताना जे लिहिलं नाही, ते गेलं असंच धरायचं.

हा लेख बडोद्यात भूगर्भशास्त्र किंवा भूभौतिकी शिकणाऱ्यांसाठी आहे. शहराच्या पूर्वेला पावागड, चांपानेर, जांबुघोडा, छोटा उदेपूर या भागात खडक उघडे आहेत. पश्चिमेला महीच्या बाजूला सगळं गाळाखाली झाकलेलं आहे. पूर्वेला हातोडा आणि कंपास चालतो. पश्चिमेला जमिनीखालचं काही कळायचं असेल तर उपकरणं लागतात. दोन्हींची तयारी वेगळी आहे, म्हणून दोन्ही इथे घेतल्या आहेत.

## टप्पा १: नकाशा आणि परवानगी

किमान आठवडाभर आधी नकाशा हातात हवा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० टोपोशीटवर (जमिनीचे चढउतार दाखवणाऱ्या नकाशावर) १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. बडोदा शहर जुन्या क्रमांकानुसार ४६ एफ/३ या शीटवर येतं.

पावागडला जाणारे हमखास अडकतात ते इथे. बहुतेक गट ४६ एफ/११ ही एकच शीट घेऊन निघतात. डोंगराचा माथा त्या शीटवर आहे खरा, पण अगदी कडेला. ७३ अंश ३० मिनिटं रेखांशाची शीटची हद्द माथ्याच्या जेमतेम पश्चिमेला आहे आणि २२ अंश ३० मिनिटं अक्षांशाची हद्द चांपानेर गावाच्या थोडी उत्तरेला. म्हणजे पावागडचा परिसर चार शीटच्या कोपऱ्यावर येतो. पश्चिमेच्या उतारावर उतरलात की तुम्ही ४६ एफ/७ वर असता. चारही शीट घ्या, कडा कापून जोडा आणि कामाच्या भागाची एकच प्रत काढा.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश या संकेतस्थळावर त्या भागाचा भूवैज्ञानिक नकाशा मिळतो. तो पाहून जा, पण फील्डमध्ये सोबत नेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तो हातात असला की मुलं खडक बघण्याऐवजी नकाशातला रंग बघतात आणि रंगाप्रमाणे नाव लिहून टाकतात.

जुन्या छापील टोपोशीटवरचे अक्षांश-रेखांश आणि मोबाइलमधल्या जीपीएसचे अक्षांश-रेखांश पृथ्वीचे वेगवेगळे आदर्श आकार धरून काढलेले असतात. जीपीएसचा आकडा जुन्या शीटवर जसाच्या तसा टाकला तर बिंदू सरकतो. नवी ओपन सिरीज शीट वापरा, नाहीतर एखाद्या ओळखीच्या चौकावर उभं राहून फरक मोजून घ्या.

परवानगी: चांपानेर-पावागड हे २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथल्या वास्तूंच्या, तटबंदीच्या किंवा पायऱ्यांच्या दगडावर हातोडा मारायचा नाही. पडलेला घडीव दगडसुद्धा उचलायचा नाही. जांबुघोडा हे अभयारण्य आहे, त्यामुळे विभागाचं पत्र घेऊन वनखात्याची लेखी परवानगी आधीच काढावी लागते. शेतात शिरण्यापूर्वी मालकाला विचारा. आपण घरी मराठी बोलत असलो तरी इथे गुजरातीच कामी येते: "काका, तमारा खेतरमां पत्थर जोई शकीए?" एवढं विचारलं की बहुतेक वेळा विहिरीत कोणता दगड किती हातांवर लागला, हेही तेच काका सांगतात. ती माहिती वहीत लिहून घ्या. भूभौतिकीच्या कामात तिची किंमत फार मोठी असते.

हंगाम: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर गवताने खडक झाकलेला असतो. चैत्र आणि आश्विन नवरात्रात पावागड टाळा. महाकालीच्या दर्शनाच्या गर्दीत मोजमाप होत नाही.

## टप्पा २: पिशवी

- भूवैज्ञानिक हातोडा. सुताराचा नको, त्याचं पोलाद तुकडे होऊन उडू शकतं.
- डोळ्यांवर घालायचा संरक्षक चष्मा.
- दिशा आणि उताराचा कोन दोन्ही मोजणारा क्लिनोमीटर कंपास किंवा ब्रंटन (त्याच कामाचा दुसरा कंपास).
- १० पट मोठं दाखवणारं भिंग, दोरीने गळ्यात अडकवलेलं.
- पुठ्ठ्याच्या बांधणीची वही, पानांवर आधीच क्रमांक घातलेली.
- एचबी पेन्सिली. पेन नको, घामाने आणि पाण्याने शाई पसरते.
- कोनमापक, पट्टी, ३० मीटरची टेप.
- सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची प्लॅस्टिकची ड्रॉपर बाटली. १० टक्क्यांचं द्रावण प्रयोगशाळेतून तयार करून घ्या, घरी ढवळत बसू नका.
- जाड पिशव्या आणि न पुसणारा मार्कर.
- पाणी, टोपी, घोट्यापर्यंतचे बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट.

डब्यात ठेपले किंवा दशम्या घ्या, चटणी कोरडी घ्या. ओशट हातांनी भिंग आणि वही दोन्ही खराब होतात, म्हणून हात पुसायला एक जुनं धुतलेलं फडकं ठेवा.

## टप्पा ३: कंपास घरी शिका

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कड्यावर पंचवीस जण आणि दोन कंपास असताना शिकणं होत नाही.

सरावासाठी लाकडी पाट घ्या आणि त्याची एक बाजू विटेवर टेकवा. हा झाला तुमचा कललेला थर. आता त्यावर पाण्याचा थेंब सोडा. थेंब ज्या दिशेने ओघळतो ती नतीची, म्हणजे डिपची दिशा. त्याला काटकोनात पाटावर जी आडवी, समपातळीतली रेषा काढता येते ती नतिलंब, म्हणजे स्ट्राइक.

क्रम असा ठेवा:

१. आधी स्ट्राइक. कंपासची कड पाटाला टेकवा, बुडबुडा मध्यावर आणा, सुई स्थिर होऊ द्या आणि वाचा. त्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढा.

२. त्या रेघेला काटकोनात क्लिनोमीटर उभा धरून डिपचा कोन वाचा.

३. डिप कुठल्या बाजूला आहे ते लिहा. हे सुटलं तर पहिले दोन आकडे निरुपयोगी आहेत, कारण एकाच स्ट्राइकला थर दोन्ही बाजूंना कललेला असू शकतो.

लिहायची पद्धत एकच ठेवा. उजव्या हाताच्या नियमाने लिहायचं तर स्ट्राइकच्या दिशेला तोंड केल्यावर डिप उजवीकडे यायला हवा. ०४०/३० आग्नेय म्हणजे स्ट्राइक ४० अंश आणि थर १३० अंशांच्या दिशेला ३० अंशांनी उतरतो. स्ट्राइक नेहमी तीन अंकी, डिप नेहमी दोन अंकी. मग दोन्हींची अदलाबदल होत नाही.

कंपासच्या तबकडीवर पूर्व आणि पश्चिम उलट छापलेल्या दिसतील. कंपास बिघडलेला नाही. सुई उत्तरेला स्थिर राहते आणि तबकडी तुमच्याबरोबर फिरते, म्हणून वाचन सरळ यावं यासाठी त्या मुद्दाम उलट असतात.

थांबा: सराव गच्चीवर किंवा लोखंडी कपाटाशेजारी करू नका. स्लॅबमधल्या सळ्या सुई ओढतात. कमाटी बागेतल्या हिरवळीवर जा. मोबाइल खिशातून काढून दूर ठेवा. काही कव्हरांमध्ये चुंबक असतं.

तपासा: एकाच पाटाचं मोजमाप दोघांनी वेगवेगळं घ्या. स्ट्राइकमध्ये ३ ते ४ अंशांपेक्षा आणि डिपमध्ये २ अंशांपेक्षा जास्त फरक येत असेल तर अजून फील्डची वेळ झालेली नाही.

आणखी एक चूक बघण्यासारखी आहे. रस्त्याच्या किंवा खाणीच्या कापलेल्या भिंतीवर थराची तिरपी रेघ दिसते. मुलं तिचाच कोन मोजतात आणि डिप म्हणून लिहितात. ती भिंत स्ट्राइकला काटकोनात नसेल तर हा कोन खऱ्या डिपपेक्षा कमीच भरतो. खरा डिप ३० अंश असेल आणि भिंत स्ट्राइकशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर भिंतीवर फक्त सुमारे १६ अंश दिसतात. (दिसणाऱ्या कोनाची टॅन्जंट म्हणजे खऱ्या डिपची टॅन्जंट गुणिले भिंत आणि स्ट्राइक यांच्यातल्या कोनाची साइन.) म्हणून थराचा पृष्ठभाग थोडा तरी उघडा सापडेपर्यंत शोधा. नाहीच सापडला, तर वेगवेगळ्या दिशांच्या दोन भिंतींवरचे कोन घ्या आणि खरा डिप संध्याकाळी काढा.

## टप्पा ४: खडकापुढे पोचल्यावर

पहिली पाच मिनिटं हातोडा पिशवीतच राहू द्या.

१. लांबून बघा. थर आहेत का, ते कुठे कललेत, कुठे रंग बदलतो, कुठे तुटल्यासारखं दिसतं. वीसेक पावलं मागून साधं रेखाटन काढा.

२. खडक जागचा आहे का, ते ठरवा. उतारावरचा मोठा दगड वरून गडगडत आलेला असू शकतो. आजूबाजूच्या दगडांतले थर आणि फटी एकाच दिशेच्या आहेत का बघा. शंका असेल तर त्यावर कंपास लावू नका.

३. मोजमापं घ्या. हातोड्याने खडक हलण्याआधी.

४. आता चष्मा घाला, बरोबरच्यांना मागे व्हायला सांगा आणि ताजा पृष्ठभाग काढा. बाहेरचं झिजलेलं कवच रंग आणि कण दोन्ही लपवतं. एका हातोड्यावर दुसरा हातोडा मारू नका.

५. भिंग डोळ्याला लावा आणि दगड भिंगाजवळ आणा. हात लांब करून भिंगातून बघितलं तर काहीच दिसत नाही.

६. आम्लाचा एक थेंब. कॅल्साइट लगेच फसफसतं. डोलोमाइट नुसतं तसंच असेल तर फारसं काही होत नाही, चाकूने पूड केली की मग फसफसतं. झिजलेल्या बेसाल्टच्या फटीत चुना साचलेला असतो, त्यामुळे फटीवर टाकलेल्या थेंबावरून खडक ठरवू नका.

७. रंग, कणांचा आकार, खनिजं, रचना हे सगळं लिहून झाल्यावर शेवटी नाव.

नाव शेवटी का, तर एकदा "बेसाल्ट" लिहिलं की पुढचं बघणं थांबतं. वर्णन नीट असेल तर नाव चुकलं तरी संध्याकाळी सुधारता येतं. वर्णनच नसेल तर सुधारायला काहीच नसतं.

## टप्पा ५: वही

प्रत्येक ठिकाणी एकाच क्रमाने लिहा: तारीख, ठिकाणाचा क्रमांक, अक्षांश-रेखांश, जवळची खूण ("ओढ्यावरच्या पुलापासून ४० पावलं वर"), खडकाचं वर्णन, स्ट्राइक-डिप, रेखाटन, नमुन्याचा क्रमांक, फोटोचा क्रमांक.

उजवं पान डोळ्यांनी दिसलं त्यासाठी, डावं पान तुम्हाला काय वाटतं त्यासाठी. "लाल मातकट थर, जाडी ३० सेंटिमीटर, वरचा खडक कठीण, खालचा भुसभुशीत" हे उजवीकडे. "दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात झिजून तयार झालेला बोल असावा" हे डावीकडे, आणि "असावा" हा शब्द तिथे राहू द्या. दोन्ही एकत्र लिहिलं की महिन्याभराने तुम्हालाच कळत नाही, बघितलं काय आणि समजलात काय.

रेखाटनाला तीन गोष्टी हव्याच: दिशा, माप आणि नावं. चित्रकला चांगली नसली तरी चालेल. फोटोत हातोडा किंवा पट्टी ठेवा आणि तुमचं तोंड कुठल्या दिशेला होतं ते लिहा.

खोडरबर वापरू नका. चुकलं तर एक रेघ मारून बाजूला बरोबर लिहा. पुष्कळदा पहिलंच वाचन बरोबर होतं, असं नंतर लक्षात येतं.

## टप्पा ६: पावागड खालून वर बघा

पहिल्या फील्डसाठी बडोद्याजवळ यासारखी जागा नाही, आणि ती वाया घालवायची नेहमीची पद्धत म्हणजे माचीपर्यंत गाडी, तिथून रोपवे, वर दर्शन आणि वरच थोडे दगड. लाव्हाचे थर खालून वर रचले गेले. वरून सुरुवात केली की क्रमच हरवतो.

पावागड दख्खन ट्रॅपचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा भाग आहे. महाराष्ट्रातले बहुतेक सह्याद्रीचे डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत बेसाल्टचे. इथे खाली बेसाल्ट आणि माथ्याकडे फिकट, सिलिका जास्त असलेला ऱ्हायोलाइट, राखेचे खडक आणि काचेसारखा चमकणारा पिचस्टोन मिळतो. हा बदल नेमका कुठे होतो, हे पायी चढूनच सापडतं. चढताना प्रत्येक थरात तीन गोष्टी शोधा: तळाशी आणि माथ्यावर वाढत जाणारी वायूची भोकं, त्यांत भरलेल्या गारगोट्या आणि झिओलाइट, आणि दोन थरांमधला लाल पट्टा. भोकांचा पट्टा संपून घट्ट खडक सुरू झाला की नवा प्रवाह, असं लगेच लिहू नका. प्रवाहाचा मधला भाग बहुधा घट्टच असतो.

इशारा १. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं आणि ते कंपासची सुई फिरवतं. कंपास खडकाला चिकटवून घेतलेलं वाचन इथे विश्वासाचं नाही. वही किंवा लाकडी फळी खडकावर ठेवून, कंपास थोडा वर धरून वाचा. मग पुढच्या माणसाकडे दिशा वाचा आणि त्याला तुमच्याकडे वाचायला सांगा. दोन आकड्यांत १८० अंशांचा फरक नसेल तर ती जागा सोडा.

इशारा २. खांबासारख्या उभ्या फटी म्हणजे थर नव्हेत. लाव्हा थंड होताना आकसल्यामुळे त्या पडतात. त्यांच्यावर ८५ अंश डिप मोजून "थर जवळजवळ उभे" असं लिहिलेली वही दरवर्षी कोणाची ना कोणाची तरी असतेच.

इशारा ३. इथले थर जवळजवळ आडवे आहेत. खडबडीत पृष्ठभागावर कंपास टेकवून एक-दोन अंशांचा डिप मिळत नाही. त्यापेक्षा एकच लाल पट्टा दूरदूरच्या तीन ठिकाणी शोधा आणि प्रत्येक ठिकाणची उंची टोपोशीटच्या समोच्च रेषांवरून काढा. ५०० मीटरमध्ये तो १० मीटर खाली गेला असेल तर त्या दिशेने उतार जेमतेम १ अंशाचा आहे. मोबाइलने दाखवलेल्या उंचीत दहा-वीस मीटरची चूक सहज असते, तिच्यावर विसंबू नका.

## टप्पा ७: चांपानेर-शिवराजपूर बाजूचे जुने खडक

डोंगराच्या पायथ्याला आणि पूर्वेला क्वार्टझाइट, फायलाइट, शिस्ट असे रूपांतरित खडक आहेत, दख्खनच्या लाव्हापेक्षा कितीतरी जुने. शिवराजपूर मँगनीजसाठी ओळखलं जातं. इथला घोटाळा एकच आहे, पण मोठा: खडक ज्या पापुद्र्यांत सुटतो ते पापुद्रे म्हणजे थर, असं धरलं जातं. फायलाइटमधले पापुद्रे दाबाने पडलेले असतात. मूळ थर रंगाच्या किंवा कणांच्या पट्ट्यांवरून ओळखायचा, आणि तो पापुद्र्यांना आडवा छेदत गेलेला असू शकतो.

दोन्ही मोजा आणि वेगळ्या खुणेने लिहा. दाबाने थर दुमडतात, तीच घडी. थर आणि घडीबरोबर पडलेले पापुद्रे एकाच दिशेला कलत असतील तर तुलना करा. पापुद्रे थरापेक्षा जास्त उभे असतील तर थर सुलटे आहेत. पापुद्रे थरापेक्षा कमी कलते असतील तर घडीची ती बाजू उलटलेली आहे. अख्ख्या घडीची उकल अनेकदा अशा एका जागेवरून होते.

## टप्पा ८: नमुने

कमी घ्या. मुठीएवढा, ताजा, निदान दोन बाजूंनी झिजलेलं कवच काढलेला. क्रमांक दगडावर, पिशवीवर आणि वहीत, तिन्हीकडे. फक्त पिशवीवर लिहिला आणि पिशवी फाटली, की दगड अनाथ झाला. दुर्मीळ खनिजांच्या जागी, उदाहरणार्थ अंबाडुंगरच्या कार्बोनेटाइट आणि फ्लोराइटच्या भागात, सुंदर तुकड्यांच्या मागे लागून खरा नमुना विसरला जातो. नमुना त्या खडकाचा प्रतिनिधी असायला हवा, त्यातला सर्वात देखणा तुकडा नव्हे.

## टप्पा ९: महीच्या कोतरांत (घळींत)

रायका किंवा त्याच्या आसपासच्या महीकाठच्या उंच कड्यांमध्ये गाळाचे थर स्तंभासारखे मोजता येतात. तळापासून वर मोजा, प्रत्येक थराची जाडी, रंग, कण, चुन्याचे खडे आणि वरच्या थराशी असलेली सीमा (तुटक की हळूहळू बदलणारी) लिहा. कड्याच्या अगदी पायथ्याशी बसून लिहू नका, खालून पोखरलेला गाळ न सांगता कोसळतो. आणि शहरातला सोपा पर्याय म्हणून विश्वामित्रीच्या काठावर उतरू नका, तिथे मगरी आहेत.

## टप्पा १०: जमिनीखाली बघणं, विद्युत साउंडिंग

बडोद्याच्या पश्चिमेला जाड गाळाखाली खंभातचं खोरं आहे. १९५८ मध्ये लुणेजला आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल मिळालं ते याच खोऱ्यात. वरून बघितलं तर सपाट शेतं. भूभौतिकीची गरज इथे पटते, आणि बारावीनंतर गणित सोडू नका असं मी प्रत्येक पालकाला सांगते, तेही याचसाठी. गेट या पदवीनंतरच्या प्रवेशपरीक्षेच्या भूविज्ञान पेपरमध्येसुद्धा एका भागात भूगर्भशास्त्र किंवा भूभौतिकी यांतलं एक निवडावं लागतं. भौतिकशास्त्र आणि गणित कच्चं असेल तर ती निवड तुमच्या हातात राहत नाही.

विद्यार्थ्यांना पहिल्यांदा मिळतं ते बहुधा श्लुंबर्जे पद्धतीचं विद्युत साउंडिंग. बाहेरच्या दोन खुंट्यांतून जमिनीत वीज सोडायची, आतल्या दोन खुंट्यांमधला विभवांतर मोजायचा, बाहेरच्या खुंट्या लांब लांब नेत जायचं.

क्रम:

१. जागा निवडा. तारेचं कुंपण, जमिनीतली पाइपलाइन आणि विजेचे खांब यांपासून दूर, सपाट, निदान २०० मीटर सरळ रेषा मिळेल अशी. माहीत असलेल्या बोअर किंवा विहिरीशेजारी एक साउंडिंग नक्की करा. बाकीची सगळी त्याच्या आधारावर वाचायची आहेत.

२. मधोमध खुंटी ठोकून तिथून दोन्हीकडे टेपने अंतरं आखा: ३, ४, ६, ८, १०, १५, २०, ३०, ४०, ६०, ८०, १०० मीटर.

३. खुंट्या ओल्या जमिनीत पक्क्या बसवा. कोरड्या जागी मिठाचं पाणी ओता.

४. आतल्या खुंट्यांमधलं अंतर बाहेरच्या अंतराच्या पाचव्या भागापेक्षा जास्त ठेवू नका. वाचन फार बारीक झालं की आतलं अंतर वाढवा, पण आधीच्या दोन ठिकाणी जुन्या आणि नव्या, दोन्ही अंतरांनी वाचन घ्या. ही दुहेरी वाचनं नसतील तर आलेखाचे तुकडे जोडता येत नाहीत.

५. प्रत्येक वाचन विजेची दिशा उलटवून पुन्हा घ्या आणि सरासरी लिहा. जमिनीत आधीपासून असलेला विभव त्यामुळे निघून जातो.

इशारा: या कामात धोकादायक दाबाची वीज असते. उपकरणावर एकच जण, आणि सगळ्यांनी खुंट्या सोडल्याची हाक आल्याशिवाय बटण दाबायचं नाही. गुरं किंवा मुलं रेषेवर आली तर काम बंद. पावसात बंद.

हिशोब जागेवरच करा. बाहेरचं अर्धं अंतर २० मीटर, आतलं अर्धं २ मीटर, तर गुणांक π गुणिले (४०० उणे ४) भागिले ४, म्हणजे सुमारे ३११. विभवांतर ०.०२५ व्होल्ट आणि वीज ०.१ अँपिअर असेल तर जमिनीचा दिसणारा रोध ०.२५ गुणिले ३११, म्हणजे सुमारे ७८ ओहम-मीटर. सर्वात जास्त चूक होते ती आतल्या खुंट्यांचं पूर्ण अंतर आणि अर्धं अंतर यांच्या गोंधळात. तक्त्याच्या डोक्यावर कोणतं अंतर घेतलंय ते मोठ्या अक्षरात लिहा.

तपासा: दोन्ही अक्षांवर लॉग असलेल्या कागदावर आडवं बाहेरचं अर्धं अंतर आणि उभा रोध घेऊन तिथेच बिंदू मांडा. आडव्या थरांच्या जमिनीत चढती रेषा ४५ अंशांपेक्षा उभी होऊ शकत नाही. तुमची होत असेल तर खुंटी सैल आहे, तार तुटली आहे किंवा हिशोब चुकला आहे. तार गुंडाळण्यापूर्वी ते वाचन पुन्हा घ्या.

आणि हे पाठ करा: बाहेरच्या खुंटीचं अर्धं अंतर म्हणजे खोली नव्हे. "४० मीटरवर रोध वाढला म्हणून ४० मीटर खोल खडक" हे वाक्य अहवालात येऊ देऊ नका. एकाच आलेखाला थरांच्या जाडीची आणि रोधाची अनेक उत्तरं जुळतात. कोणतं घ्यायचं ते शेजारच्या विहिरीवरून ठरतं, म्हणूनच टप्पा १ मधल्या काकांचं बोलणं लिहून ठेवायचं.

## टप्पा ११: त्याच संध्याकाळी

आंघोळ आणि चहा झाला की झोपण्यापूर्वी दीड तास राखून ठेवा. पेन्सिलीचे आकडे शाईने पक्के करा, शब्द बदलू नका. सगळे स्ट्राइक-डिप नकाशावर मांडा. एखादी खूण शेजारच्यांच्या अगदी उलटी दिसली तर वहीत तिच्यापुढे प्रश्नचिन्ह करा आणि उद्या सकाळी पहिली जागा तीच ठरवा. फोटोंना ठिकाणाचा क्रमांक द्या. नमुने वहीशी ताडून बघा. गटाची कामं वाटलेली असली तरी मोजमापं प्रत्येकाच्या वहीत हवीत, ज्याने कंपास धरला फक्त त्याच्या वहीत नव्हे.

## टप्पा १२: छेद आणि अहवाल

छेद म्हणजे जमीन उभी कापली तर थर कसे दिसतील त्याचं चित्र. छेदाची रेषा शक्यतो स्ट्राइकला काटकोनात घ्या. तिरपी घेतली तर टप्पा ३ मधल्या सूत्राने प्रत्येक डिप बदलून मांडावा लागतो. उभं आणि आडवं माप एकच ठेवा. डोंगर उठून दिसावा म्हणून उभं माप वाढवलं की सगळे डिप खोटे होतात. वाढवावंच लागलं तर किती पट ते छेदावर लिहा.

अहवालात आधी निरीक्षणं, मग नकाशा आणि छेद, मग अर्थ. भागाचा भूवैज्ञानिक इतिहास आधीच्या अहवालांतून उतरवून पहिली दहा पानं भरू नका. सर-मॅडम ती वाचत नाहीत, ते थेट नकाशा उघडतात. तोंडी परीक्षेत ठरलेला प्रश्न असतो: "ही सीमा इथे कशावरून काढलीत?" नकाशावरच्या प्रत्येक रेषेला वहीतला ठिकाणाचा क्रमांक जोडलेला ठेवा. जिथे सीमा मातीखाली गेली आहे आणि तुम्ही अंदाजाने ओढली आहे, तिथे रेषा तुटक काढा आणि विचारलं की तुटक आहे असं सांगा.